गट नंबर एकशे चौदा, ई-क्लास

हजेरी मी लिहायची.
बारावी झालेली मी एकटीच, आणि पेन माझ्याकडे होता.
एकोणीस बाया, चार गडी आणि डोमाजी घागरे,
ज्यांचं वय त्यांनाही ठाऊक नव्हतं,
म्हणून त्या रकान्यात मी आडवी रेघ मारली.

जमीन सरकारी, टेकडीच्या पाठीवर.
झिजलेल्या सदऱ्यातून कोपर दिसावं तसा
वर आलेला मुरूम.
गुरं सवयीनं चढायची, तशीच उपाशी उतरायची.
माजलेलं काय, तर तरोटा, रायमुनिया, गाजरगवत.
गाय ज्याला तोंड लावत नाही ते सगळं.

डोमाजी म्हणाले, "गाय कुठं थांबते थे पाय, पोरी.
गाय खोटी हजेरी देत नाही."

बी आणायचं कुठून?
मसनवटीतून.
तिथं कोणी गुरं नेत नाही, विळाही नेत नाही,
म्हणून तिथं अजून सगळी होती, जुनी माणसं असावीत तशी:
मारवेल, पेरावर पांढऱ्या केसांचं कडं घातलेली,
पवन्या, तिखाडी, शेडा.
डोमाजींना आता दिसत नाही फारसं.
काडी दाढेखाली धरायचे, थुंकायचे, नाव सांगायचे.
मी पोत्यावर लिहायची.

कार्तिकातलं ऊन. बाया ओंजळीनं बी ओरबाडत होत्या
आणि कुसळं त्यांच्या निऱ्यांत, काठांत, पोटऱ्यांत शिरत होती.
पर्वता शिव्या देत होती, कुणाला ते कळत नव्हतं.

मृगाआधी शेण, तळ्याचा गाळ आणि बी
कालवून बोराएवढ्या गोळ्या केल्या,
आखलेल्या चरांत टाकल्या.
श्रावणभर तरोटा उपटला, फूल यायच्या आत.
भादव्यात तालुक्याचे साहेब आले,
एक मीटरची लोखंडी चौकट घेऊन.
ती ठेवायची, आतलं मोजायचं, मी लिहायचं.
मारवेल शून्य.
पवन्या शून्य.
तरोटा एकशे बारा.
साहेब वाईट नव्हते. पाणी प्यायले, गेले.

दुसऱ्या वर्षीही तेच,
फक्त तरोटा एकसष्ट.
बाया अकरा उरल्या.

तिसऱ्या वर्षी तान्ह्या पोळ्याला
अंजनाच्या पोराचा लाकडी बैल
पायवाटेच्या कडेला अडकला.
चाकात गवत गुंतलं म्हणून पोरगं भोकाड पसरून बसलं.
डोमाजींनी काडी तोंडात धरली.
बराच वेळ थुंकले नाहीत.

मग आम्ही ती वाट धरून उलटे चालत गेलो.
बाया भारा टेकवायच्या त्या दगडापाशी, एक जुडगा.
हापशाजवळ, जिथं पदर झटकला होता, तीन.
पर्वताच्या घरामागं धुण्याच्या दगडाभोवती तर गर्दीच,
कारण तिनं रात्रभर कंदील ठेवून
लुगड्यातली कुसळं एकेक वेचून तिथं फेकली होती.
ओल लागली की कुसळाचा पीळ सुटतो
आणि ते आपलं आपण जमिनीत शिरतं.
हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं,
आमच्या पोटऱ्यांना मात्र माहीत होतं.

"कुसळानं काय व्हते?" अंजना म्हणाली. "गायीचं तोंड फाडते थे."
डोमाजी हसले. "कोवळं खाते.
आन् पयले भांडखोरच येते, बाई. मंग सोयरे."

चरांतही होतं थोडं.
वरच्या कोपऱ्यात मारवेलीचे चार फुटवे, बोटभर.
मी बसून पेरावरची कडी मोजली, दोनदा.

पण वाटेवरच्या गवताचं काय करायचं?
हजेरीपटात तसं काम नव्हतं,
ना दर, ना दिवस, ना आखलेला चर.
पर्वताच्या धुण्याची मजुरी
कोणत्या रकान्यात धरू?

ग्रामपंचायतीच्या पायरीशी,
जिथं मी बेरजा करत ओढणीतली काटं काढायची,
एक जुडगा निघाला होता.
चौकट आणून ठेवली. लिहिलं: कुसळ, एक.

सकाळी साहेबांना दाखवायला गेले तर नव्हता.
रात्री कोणाची तरी गवळाऊ मोकळी सुटली होती,
बुडापर्यंत कातरून गेली होती,
शेजारी खुरांचे ठसे, ओले.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं,
गाय थांबली होती.